दगड नंबर सत्तेचाळीस

पहाटे पाचला केरबा चौगल्याचा फोन:
“गार्डसाहेब, डुक्कर पडलंय. या.”
कुठं पडलंय ते त्यानं सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.
वाकीघोलात असले प्रश्न
टेप हातात आल्यावरच विचारायचे असतात.

पहिला डाग उसात, सरीच्या कडेला.
छऱ्यांनी पाचट फाटलेलं,
ठासणीच्या दारूचा वास अजून दवात अडकलेला.
“हितं मारलं. माझ्या गटात. सातबारा दावू?”
शेती संरक्षणाचा परवाना त्यानं
प्लास्टिकच्या पिशवीतून काढला
आणि लग्नपत्रिकेसारखा
दोन्ही हातांनी पुढं केला.

सातबारा डुकरानं वाचला नव्हता.
बरगडीत शिसं घेऊन ते बांध चढलं,
निरगुडीला रक्त पुसलं,
मग गायरान.
गायरानात बावन्न पावलं. मी मोजली.
शेण गोळा करणारी हौसाक्का म्हणाली,
“माझ्या म्होरनंच गेलं की. धापत हुतं.
म्हटलं जा बाबा,
ही काय कुणाची जागा न्हाय.”

गायरान संपतं तिथं दगड.
चुना मारलेला, त्यावर लाल आकडा,
माझ्याच हातचा, सात जरा वाकडा.
दगडाच्या पलीकडं अडीच हातांवर ते पडलं होतं,
तोंड रानाकडं.
अडीच हात सरकार.

केरबा उकिडवा बसला. तंबाखू मळत राहिला.
“मारलं माझ्यात, मेलं तुमच्यात.
मग गुन्हा कुठं झाला, सायेब?
मदी गायरानात तर
त्ये नुसतं चालत हुतं.”

माझा पणजा संस्थानच्या शिकारीत हाकाऱ्याला जायचा.
रॉकेलचा डबा बडवत, करवंदीच्या जाळ्यांतून,
अनवाणी.
तेव्हा दगड नव्हते, आकडे नव्हते.
रान दरबारचं, वाघ दरबारचा,
डबा बडवणारेही दरबारचेच.
एका डुकरानं त्याची मांडी फाडली.
तो व्रण तेवढा
आमच्या घराण्याची खासगी मालमत्ता.

पंचनाम्यात रकाना असतो: घटनास्थळ.
एक ओळ. तीन जमिनी मावत नाहीत.
पुढचा रकाना: लिंग.
काठीनं उलटून बघितलं. मादी.
मग जबडा उघडला तर
दाढेत उसाची कांडी, अर्धी चघळलेली,
रस अजून ओला.
केरबानं मान पुढं केली.
“ही मातुर माझी.”
पंच हसले. मीही हसलो.
तरी मुद्देमालात लिहिलं:
डुक्कर एक. कांडी एक.

ऊन वर येईतो अर्धी वाडी गायरानात जमली.
बायका लांब उभ्या, पोरं दगडावर चढलेली,
दोघांच्या कमरेला कोयते,
आणि कुणीतरी मसाला वाटून ठेवलाय
हे वाऱ्यावरून कळत होतं.
नियम सांगतो, जाळा.
मी दोन लिटर डिझेल ओतलं.
डिझेलमध्ये भाजणाऱ्या मांसाचा वास
कुणाच्याही तोंडाला पाणी आणतो
आणि लगेच मळमळवतो.
बाप्ये थुंकले. कुणी हललं नाही.
धूर आधी रानात गेला, मग वारा फिरला
आणि उसात शिरला. कुणाला विचारलं नाही त्यानं.

“घटनास्थळ काय घातलं?” केरबानं जाताना विचारलं.
“दगड नंबर सत्तेचाळीस.”
“दगडावर न्हाई मेलं त्ये.”
“न्हाई.”
त्यानं सही केली, मराठीत, सावकाश,
रेघेच्या जरा खाली.

दुसऱ्या दिवशी चुना घेऊन
पुन्हा दगडाकडं गेलो.
पोरांनी पाय देऊन आकडा पुसला होता.
राखेभोवती बारके खूर,
चारपाच पिल्लांचे, एकमेकांत मिसळलेले.
रानातून आलेले.
राखेला एक फेरा घालून
गायरान, निरगुडी, बांध,
आणि उसात.
परतीचे नव्हते.

तिकडून केरबानं हात वर केला,
काय वो, असं विचारल्यासारखा.
मी डबा वर धरून दाखवला. चुना.
आणि सात लिहायला बसलो,
या खेपेला सरळ.